ठेवणीतलं युकुलेले

लातूरच्या ट्यूशन एरियात खोली भाड्यानं देणाऱ्या घरमालकाला अटी तोंडपाठ असतात. गरम पाणी सकाळी सहा ते सात. मित्र मुक्कामाला आणायचा नाही. इंडक्शन शेगडी दिसली की डिपॉझिट विसरायचं. आणि गिटार चालणार नाही. या शेवटच्या अटीमागे त्याचा म्हणून एक अभ्यास असतो. गिटार घेऊन आलेल्या पोराचं नीटचं पहिलं वर्ष गिटारीत जातं आणि दुसऱ्या वर्षी ते रिपीटर बॅचला बसतं, हा त्याचा पक्का समज. तो खोडून काढणारा मुलगा त्याला अजून भेटायचा आहे.

या यादीत युकुलेले मात्र नाही. ते काय असतं हेच ठाऊक नसल्यामुळे त्याच्यावर बंदी घालायची राहून गेली आहे. सोप्रानो युकुलेले, म्हणजे या घराण्यातलं सर्वांत जुनं आणि लहानखुरं माप, डोक्यापासून बुडापर्यंत साधारण २१ इंच भरतं. वजन अर्ध्या किलोच्या आत. सॅकमध्ये फिजिक्सच्या मॉड्यूलच्या आडोशाला ते उभं राहतं, डोकं तेवढं चेनमधून बाहेर काढतं. जिन्यात घरमालकानं हटकलंच, तर ‘काका, प्रोजेक्ट आहे’ एवढ्या उत्तरावर भागतं.

अशा चोरवाटेनं लातूर-नांदेडात शिरलेलं पहिलं युकुलेले बहुधा ऑनलाइन मागवलेलं, हजार-दीड हजाराचं आणि रंग बघून पसंत केलेलं असतं. आकाशी, गुलाबी, पोपटी. मधल्या छिद्राभोवती डॉल्फिनचं चित्र असेल तर आणखी पसंत. त्याचा सूर लागत नाही, लागला तर टिकत नाही, आणि सहा महिन्यांत ते भाचीकडे खेळायला जातं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. पहिल्या युकुलेलेनं तेवढंच करायचं असतं. खरा पेच दुसऱ्याच्या वेळी पडतो. बोटं तारांवर बसलेली असतात, कान जरा शहाणे झालेले असतात, आणि आता एकच पण चांगलं, जन्मभर जवळ राहील असं ठेवणीतलं वाद्य हवं असतं. ते पारखून देणारं माणूस या दोन जिल्ह्यांत नाही, असं पोरं म्हणतात. हे काही खरं नाही. पारखणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी फक्त युकुलेले कधी पाहिलेलं नाही.

एरवी या वाद्याच्या कुंडलीत आपल्याकडच्यांना परकं वाटावं असं फारसं काही सापडत नाही. त्याचा जन्मच ऊसतोडीतून झालेला आहे. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची चारशेहून जास्त माणसं, बायकापोरांसकट, ‘रेवन्सक्रॅग’ नावाच्या जहाजातून चार महिन्यांचा प्रवास करून ऑगस्ट १८७९ मध्ये हवाई बेटांवर, होनोलुलूच्या धक्क्याला लागली. कशाला? तिथल्या मळ्यांत उसाची कामं करायला. करार आधीच झालेला, पुढची मजुरी बांधलेली. आपल्याकडे याला उचल घेऊन निघालेली टोळी म्हणतात. फरक इतकाच की ट्रॅक्टरच्या जागी जहाज होतं. या टोळीत मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो असे तिघे सुतारकाम जाणणारे होते. धक्क्यावर उतरता उतरता टोळीतल्या कुणीतरी माशेत नावाचं मदेरातलं चार तारांचं चिमुकलं वाद्य छेडलं आणि बघ्यांची गर्दी झाली, असं सांगतात. पुढं हे तिघे उसाच्या फडातून सुटले, होनोलुलूत येऊन फर्निचर आणि वाद्यं करू लागले, आणि माशेतला हवाईचं लाकूड लावून त्यांनी जे घडवलं ते युकुलेले.

मांजरा काठच्या कुठल्याही फडावर रात्री पालांपाशी जाऊन बसलं तर टोळीत एखादा तरी हलगीवाला किंवा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरणारा निघतोच. त्याला होनोलुलू मिळालं नाही, एवढंच.

मिळूही शकलं असतं, ही यातली गंमत. हवाईचा राजा कालाकाउआ हा या नव्या वाद्याचा मोठा आश्रयदाता. त्यानं राजवाड्यातल्या मेजवान्यांत युकुलेलेला मानाची जागा दिली. हाच राजा १८८१ साली जगाच्या सफरीवर निघाला तेव्हा कलकत्त्याहून मुंबईलाही येऊन गेला होता. सफरीचा एक उघड हेतू होता उसाच्या मळ्यांसाठी माणसं मिळवण्याचा. म्हणजे मुकुट घातलेला मुकादमच तो. त्या काळी नांदेड-लातूरपर्यंत रेल्वे आलेली नव्हती, त्यामुळे मुकादमाची आणि या भागाची गाठ पडली नाही. पडली असती तर आज होनोलुलूच्या किनाऱ्यावर युकुलेलेच्या साथीला संबळ वाजत असतं, आणि कालाकाउआच्या वारसांकडे अजून कुणाची तरी उचल फिटायची राहिली असती.

युकुलेले हातात धरून नांदेडच्या वजिराबादेतून चालत गेलं तर शंभर पावलांत तीन प्रश्न येतात. पहिला, ‘गिटारीचं पिल्लू हाय का?’ दुसरा इतवाऱ्याच्या बाजूनं, ‘क्या मियाँ, बच्चों का गिटार है?’ याला ‘हौ’ म्हणून मोकळं व्हावं. समजावत बसलं तर चहा घ्यावा लागतो. तिसरा प्रश्न गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याचा असतो आणि तो अधिकारवाणीनं येतो, ‘हे बेंजो का?’

या प्रश्नाला हसू नये. वरातीपुढे आणि विसर्जनाला महाराष्ट्रात जे बेंजो वाजतं त्याचा अमेरिकेतल्या बॅन्जोशी काडीचा संबंध नाही. ते आहे बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. आणि बुलबुलतरंगाचं मूळ आहे तैशोगोतो हे जपानी वाद्य, जे नागोयात १९१२ साली गोरो मोरिता यांनी तयार केलं. जपानी वाद्याला अमेरिकी नाव देऊन ते गणपतीपुढे वाजवणं, आणि त्यात कुणालाही काही वावगं न वाटणं, ही खास आपली करामत. २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बॅन्जो’ नावाचा हिंदी चित्रपट केला तेव्हा त्यातला बेंजोवाला झाला तोही लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावच्या घरचा, रितेश देशमुख. पेटीचं तेच. युरोपातून पायपेटी आली, कलकत्त्याला तिची हातपेटी झाली, आकाशवाणीनं १९४० साली तिला परकी ठरवून बाहेर बसवलं आणि आत घ्यायला तीसेक वर्षं लावली. तोवर इकडच्या भजनी मंडळांनी ती इतकी आपलीशी केली होती की अशी बंदी आहे हे बऱ्याच मंडळांच्या गावीही नव्हतं. तेव्हा युकुलेलेला परकेपणाची भीती बाळगायचं कारण नाही. भीती बाळगायची ती त्याच्या प्लायवूडची.

आता निवडीकडे. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात देवणी खोंड घ्यायला गेलेला शेतकरी रंगावर भाळत नाही. जबडा उघडून दात मोजतो. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते ठरवतो. पाठीवरून हात फिरवतो. खूर उचलून बघतो. चार पावलं चालवतो. भोवरा कुठं आहे ते बघतो. मालक बोलत असतो तिकडे त्याचं लक्ष नसतं, कारण मालक बोलणारच. मग रुमालाखाली हात जातात आणि बोटांनी भाव ठरतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा मोबाईलवर युकुलेले घेताना काय बघतो? साडेचार तारे, ‘व्हेरी नाइस प्रॉडक्ट’ आणि मोफत मिळणारी पिशवी.

बापाला एकदा दुकानात न्यावं. तो आधी वाद्य उचलेल आणि वजन बघेल. हीच पहिली परीक्षा. युकुलेले हाताला हलकं लागलं पाहिजे, जवळजवळ रिकामं वाटावं इतकं. जड युकुलेले म्हणजे आतून भरपूर लाकूड आणि सरस लावून ठोकलेली पेटी. ती मोडत नाही आणि वाजतही नाही. ही चूक थोरामोठ्यांनीही केलेली आहे. अमेरिकेतल्या मार्टिन या नामांकित गिटार कंपनीनं १९०७ च्या सुमारास पहिली युकुलेले केली ती गिटार करायच्या सवयीनं: स्प्रूसची तबली, आत भक्कम पट्ट्या. आवाज दबका निघाला आणि गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. पुढं १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला युकुलेलेचं वेड लावलं, तेव्हा मार्टिननं पुन्हा हात घातला. या वेळी पातळ महोगनी आणि आत कमीत कमी जोडकाम. ती मात्र अशी जमली की त्या काळातली मार्टिन सोप्रानो आजही लोक शोधत फिरतात. शंभर वर्षांचं लाकूड, वजनाला चिवड्याच्या पाकिटाएवढं.

मग दांडी. वाद्य डोळ्यासमोर धरून डोक्याकडून बुडाकडे एका डोळ्यानं बघायचं. दांडी सरळ हवी. पीळ पडलेली, पुढं झुकलेली दांडी सुधारण्याच्या भानगडीत ठेवणीतलं वाद्य घेणाऱ्यानं पडू नये. दांडीच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. पडद्यांची टोकं बोटाला टोचली तर समजावं की एक तर घासकाम झालेलं नाही, नाही तर दांडीचं लाकूड सुकून आत गेलंय आणि धातूचे पडदे होते तिथंच राहिलेत. दोन्ही गोष्टी वाईट, दुसरी जास्त, कारण लातूरच्या उन्हाळ्यात ती आणखी वाढणार. नंतर घोडी. तारा जिथं बांधलेल्या असतात तो तबलीवरचा लाकडी तुकडा मागच्या बाजूनं उचलला गेलाय का, हे बघायला साधा कागद पुरतो. कागदाची कड खाली सरकली तर वाद्य परत ठेवावं. आणि खुंट्या. त्या डळमळल्या तर पुढची सगळी हयात सूर लावण्यात जाईल, वाजवायला वेळ उरणार नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र आपल्या माणसाला एक जुना हिशेब चुकता करायचा आहे. युकुलेलेचं मानाचं लाकूड म्हणजे कोआ. हे झाड हवाईखेरीज कुठं आपसूक उगवत नाही. होनोलुलूच्या कामाका कुटुंबाचा कारखाना १९१६ पासून कोआची युकुलेले करतो आहे, आणि त्यांचं नवं सोप्रानो घ्यायचं तर हजार डॉलरच्या आसपास किंवा वर मोजावे लागतात. इतक्या पैशात नांदेडच्या बाजूला चांगली लाल कंधारी गाय दावणीला येते आणि ती दूधही देते. तर हा कोआ कोण? वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव अकेशिया कोआ. अकेशिया म्हणजे कोण? तर बाभळीच्या भावकीतला. धुऱ्यावरची, काट्यांची, शेळ्यांची, वखराच्या आणि बैलगाडीच्या कामाला येणारी आपली बाभूळ, अकेशिया निलोटिका, आणि राजवाड्यात वाजणारा कोआ हे एका आडनावाचे.

एका आडनावाचे होते, असं म्हणायला हवं. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी या कुळाची वाटणी केली आणि मूळ नाव कुणाकडे ठेवायचं यावर रीतसर भांडण झालं. अकेशिया हे नाव ज्या झाडावरून पडलं ती बाभूळच. सातबारा तिच्या नावावर. पण ऑस्ट्रेलियाकडे या कुळातल्या जाती हजाराच्या घरात, त्यांची नावं बदलायची तर सगळा गोंधळ. म्हणून २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाच्या बाजूला द्यायचं ठरलं आणि २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं. कोआ ऑस्ट्रेलियाच्या गटात, म्हणून तो अकेशियाच राहिला. बाभळीला व्हाचेलिया असं नवं नाव मिळालं. मोठ्या बहिणीच्या नावची जमीन लांबच्या भावकीनं वाटून घेतल्याचं असं उदाहरण तहसील कचेरीतही सहसा मिळत नाही.

तेव्हा बाभळीचं युकुलेले करावं का? उत्साही माणसाला मोह होतो. पण बाभूळ जड आणि हट्टी. तिच्यातून दोन मिलिमीटरची पातळ फळी काढून ती वाकवायची म्हणजे करवतीचे दात जुळायची वेळ. बाभळीनं गाडीचं चाकच करावं. आपल्याला बाजारात जे सापडतं ते बहुतेक महोगनी, सपेली किंवा त्यांच्या नावाखाली खपणारं प्लाय.

इथं जाणकार मंडळी अख्ख्या लाकडाचा आग्रह धरतात. अख्ख्या लाकडाची तबली मोकळी कंप पावते, वर्षागणिक तिचा आवाज खुलतो, हे खरंच. तंबोरा ऐकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण अख्खं लाकूड हवेबरोबर फुगतं आणि आटतं. त्याला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. लातूरला मे महिन्याच्या दुपारी ती त्याच्या निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. होनोलुलूच्या दमट वाऱ्यात वाढलेलं लाकूड अशा दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत तबलीला चीर गेलेली असते. त्यासाठी परदेशात केसमध्ये ठेवायच्या ओलाव्याच्या डब्या मिळतात. आपल्याकडे सोपा उपाय कूलर. युकुलेले कूलरच्या खोलीत ठेवायचं, पण झोताच्या तोंडाशी नाही. घरात कूलरसमोरची जागा आधी आजोबांची, मग नीटवाल्याची, मग पाहुण्यांची. त्या रांगेत आता युकुलेलेचा नंबर लावावा लागतो आणि आजोबा त्याला ‘लाकडाला गरम होऊलालंय म्हणं!’ असं म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकवतात.

शिवाय कूलरला पाणी लागतं, आणि पाणी हा लातूरकरांचा थट्टेचा विषय नाही. एप्रिल २०१६ मध्ये शहराला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा रेल्वेनं टँकरची गाडी पाठवली. पहिल्या खेपेत दहा डबे, पाच लाख लिटर, १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचले. ते पाणी आलं कुठून? मिरजेहून. आणि तंबोरे येतात कुठून? तेही मिरजेहूनच. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांसारखे कारागीर तिथं तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी सतारमेकर हेच आडनाव केलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कोरड्या हवेत लाकडाचं आणि माणसाचं काय होतं, हे मिरज-लातूर या एका रेल्वेमार्गाएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं.

म्हणून स्पष्टच सांगायचं तर, ज्याच्या घरात मे महिन्यात कूलर नाही आणि केस बंद करून ठेवायची शिस्त नाही, त्यानं अख्ख्या लाकडाच्या मागे लागू नये. चांगल्या कंपनीचं, पातळ आणि नीट केलेलं प्लायचं युकुलेले त्याला वीस वर्षं साथ देईल. ‘ऑल सॉलिड’ नसल्याची लाज शेजारच्यांना वाटत नाही. त्यांना ते अजून बेंजोच वाटत असतं.

मिरजेचा धडा आणखी एका जागी उपयोगी पडतो, पण उलटा करून. तंबोऱ्याला जवारी लागते. घोडीचा माथा घासून घासून असा उतार काढायचा, खाली सुताचा दोरा सरकवायचा, की तार घोडीला नेमकी तेवढीच घासेल आणि सूर झणझणत राहील. या झणझणीसाठी गवई मिरजेला जातात, कारागिरासमोर तास न् तास बसतात, पैसे मोजतात. हीच झणझण युकुलेलेतून आली तर वाद्य तत्काळ परत करावं. तिथं तिचा अर्थ असा की तार कुठल्यातरी पडद्याला घासतेय, किंवा आतली पट्टी सुटलीय. नांदेडला गोदावरीच्या काठी फेब्रुवारीत संगीत शंकर दरबार ऐकून घडलेला एखादा कान दुकानात युकुलेले छेडतो आणि नेमक्या दोषाला ‘व्वा, काय जवारी आहे!’ अशी दाद देतो. दुकानदार लगेच किंमत वाढवतो.

प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून बघावी, कंटाळा न करता. चार तारा, बारा पडदे. दुकानदाराचा संयम यापेक्षा जास्त असतो, कारण त्यानं पेटी घ्यायला आलेली भजनी मंडळं पाहिलेली असतात. अकरा जण येतात, प्रत्येक जण एकेक सूर दाबतो, तास-दीड तास चालतं आणि शेवटी ‘म्हाराजांना इचारून सांगताव’ म्हणून सगळे उठतात. युकुलेलेवाल्यानं निदान एक परीक्षा मंडळासारखी घ्यावी. तार मोकळी छेडायची, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडायची. दुसरा सूर पहिल्याच्या नेमका तार सप्तकात हवा. किंचित चढा आला तर एक तर तारा फार उंचावर आहेत, नाही तर घोडीची जागाच चुकली आहे. स्वस्त वाद्य इथं हमखास पकडलं जातं: खाली गोड, वर चढत जाईल तसं बेसूर. दुकानदार म्हणतो, ‘नवीन आहे, बसेल सूर.’ तारांबद्दल हे खरं आहे. नायलॉनच्या नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात आणि सारख्या उतरतात. चुकीच्या जागी चिकटवलेली घोडी मात्र कितीही वाट पाहिली तरी चालत योग्य जागी जात नाही.

हे सगळं जमलं की वाद्य घरी येतं आणि तिथं त्याची गाठ पेटीवाल्या आजोबांशी पडते. इंग्रजी पुस्तकात लिहिलेलं असतं जी, सी, ई, ए. आजोबा म्हणतात, पट्टी सांग. पांढरी एक. मग तारा कोणत्या? पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. आजोबा क्षणभर बोटं मोजतात आणि म्हणतात, म्हणजे प सा ग ध. आणि मग जे म्हणतात ते कुठल्याही युकुलेले शिक्षकानं पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं: ‘अरे, हा तर भूप हाय!’ खरंच आहे. भूपाचे सूर पाच, सा रे ग प ध. त्यातले चार युकुलेलेवर काहीही न दाबता मोकळे वाजतात. उरला रिषभ, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर बसलेला असतो. संगीत शाळांत सुरुवातीलाच शिकवला जाणारा राग हवाईच्या सुतारांनी चार तारांवर जवळजवळ आयता बांधून ठेवला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुस्तकं वाचून शिकणाऱ्याला आणखी एक गोष्ट छळते. गिटारीत वरून पहिली तार सर्वांत जाड, मग सूर क्रमानं चढत जातात. युकुलेलेत वरची प ची तार वाजते चढी, तिच्या खालची सा ची तार उतरती, मग पुन्हा चढण. युरोपात या अशा मांडणीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. आजोबांना यात लिहिण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. तंबोऱ्यात आधी पंचम, मग जोडीच्या दोन, आणि सर्वांत खालचा खर्ज शेवटी. चार तारा, आणि क्रमानं चढायचं बंधन नाही. ‘तंबोऱ्याचं लेकरू हाय हे,’ असं म्हणून आजोबा निकाल देतात आणि त्या दिवसापासून युकुलेलेला कूलरच्या रांगेत स्वतःपुढे घेतात.

खरा तंटा एकादशीला उभा राहतो. मंडळ बसलेलं असतं, पेटी सुरू असते आणि पोरगं युकुलेले घेऊन साथीला येतं. पेटीमास्तर म्हणतात, ‘पांढरी एकवर आमचे बुवा गात नाहीत. दोनवर लाव.’ पोरगं म्हणतं, जमणार नाही, पुस्तकात असंच आहे. पेटीमास्तर म्हणतात, पुस्तक बुवांना दाखव. नाइलाजानं चारी खुंट्या एकेक स्वर वर चढवल्या जातात: पांढरी सहा, पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सात. आणि एवढंसं सोप्रानो एकदम टणत्कारून उठतं, टाळांच्या गजरातही ऐकू येतं. पोरगं चकित. पेटीमास्तर चकित होत नाहीत. १९२० च्या दशकात अमेरिकेत युकुलेलेचं वेड शिगेला पोहोचलं होतं तेव्हा छापील गाण्यांवर सोप्रानोसाठी हीच पट्टी सर्रास दिलेली असे. लहान पेटीला जरा चढा ताण मानवतो, हे त्या काळच्या वादकांना कळलं होतं. पेटीमास्तरांनी ती गाणी पाहिलेली नाहीत. त्यांना बुवांचा गळा ठाऊक आहे.

पुढं मृदंगवाला म्हणतो, आता काळी दोनवर लाव, मग मजा येईल. इथं मात्र पोरानं ठाम नकार द्यायचा. आणखी ताण दिला तर तार तुटते, आणि युकुलेलेच्या तारा गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी नेमक्या कुठल्या रस्त्यावर मिळतात हे अजून कुणी शोधून काढलेलं नाही. दुकानदार त्यावर गिटारची स्टीलची तार काढून देतो, ‘ही घ्या, तुटायचं नाव नाही,’ म्हणून. ती लावू नये. स्टीलच्या तारेचा ताण नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त. तार खरोखरच तुटत नाही, घोडी तबलीचा तुकडा घेऊन उडते. तेव्हा वाद्य घेतानाच तारांचे दोन-तीन सेट जादा मागवून कपाटात, डांबराच्या गोळ्यांपासून लांब ठेवावेत. डबा उघडताना शेजारच्या काकूंनी बघितलं तर त्या विचारतीलच, ‘भाजी बांधायला का रे एवढा दोरा?’ तेव्हा हो म्हणावं.